संभाजीनगर, नांदेडहून विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची

छत्रपती संभाजीनगर ते मुंबई अंतर किती? सरळ रेषेत २७९ किलोमीटर, रस्त्याने सुमारे ३४०, मनमाडवरून जाणाऱ्या रेल्वेने सुमारे ३७५. तिन्ही आकडे बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका अंतराला भलताच वेग लावल्यावर. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं, मग २७९ किलोमीटरला वीस-एकवीस मिनिटं, असा हिशेब मांडला की तिकिटावरचे एक तास दहा मिनिटं खोटी वाटतात. ती खोटी नाहीत. विमान निम्मा वेळ त्या वेगाने उडतच नाही. ते का, आणि मग खरा वेळ कसा काढायचा, ते खाली क्रमाने दिलं आहे. कॅल्क्युलेटर असलेला कोणताही मोबाइल पुरतो.

आधी विमानतळ पक्का करा, मग अंतर

अंतर दाखवणाऱ्या बहुतेक साइटवर अजूनही 'औरंगाबाद' टाकावं लागतं, आणि या नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. नकाशाने तिथली खूण पकडली तर दिल्ली, कोलकाता, सगळीच अंतरं शेकडो किलोमीटरने चुकतात. 'हैदराबाद' टाकताना यादीत सिंधमधलंही येतं. म्हणून शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा. चिकलठाण्याचा, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाचा, कोड आयएक्सयू आहे. शहराचं नाव बदललं, कोड तोच राहिला. एयूआर हा कोड आपला असेल असं वाटतं, पण तो फ्रान्समधल्या एका गावाचा आहे. नांदेडचा एनडीसी, लातूरचा एलटीयू. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा नाही. म्हणून साइटने लातूर ते मुंबईचा उड्डाणाचा वेळ दाखवला तरी तो निव्वळ कागदी समजावा.

समोरच्या टोकालाही हीच काळजी घ्या. डिसेंबर २०२५पासून मुंबईला दोन विमानतळ आहेत : जुना सहार-सांताक्रूझचा बीओएम आणि उलव्याचा नवी मुंबई, एनएमआय. चिकलठाण्याहून पहिला २७९ किलोमीटर, दुसरा २६३. हवेत हा फरक मिनिट-दीड मिनिटाचा, पण काम बोरिवलीला असताना उलव्याला उतरलात तर दीड-दोन तास रस्त्यावर गेले. दिल्लीचंही तसंच. पालमचा विमानतळ वेगळा आणि गाझियाबादजवळचा हिंडन वेगळा. नांदेडहून हिंडनला सेवा चालते आणि तिकिटावर ठळक अक्षरात 'दिल्ली' असतं. हिंडनला उतरून पालमहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरची दिल्ली पार करावी लागते.

सरळ अंतर : दोन वजाबाक्या आणि एक वर्गमूळ

हवाई अंतरासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. आपल्या कामाचे हे :

चिकलठाणा : १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व
नांदेड : १९.१८, ७७.३२
मुंबई (सहार) : १९.०९, ७२.८७
दिल्ली (पालम) : २८.५७, ७७.१०
हैदराबाद (शमशाबाद) : १७.२३, ७८.४३
बेंगळुरू (देवनहळ्ळी) : १३.२०, ७७.७१

अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो आणि उत्तरेकडे सरकत जावं तसा आक्रसतो. आपल्या पट्ट्यात, म्हणजे १९-२० अंशांवर, तो १०५ किलोमीटर भरतो.

सगळ्यात सोपं उदाहरण नांदेड-दिल्लीचं, कारण दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर आहेत. २८.५७ वजा १९.१८ म्हणजे ९.३९. त्याला १११ने गुणलं की १,०४२. पूर्व-पश्चिम फरक जेमतेम वीसेक किलोमीटरचा, तो धरून अचूक आकडा १,०४४ येतो. झालं.

मुंबईसाठी दोन्ही फरक धरावे लागतात. अक्षांशांचा फरक ०.७७, गुणिले १११, म्हणजे ८५. रेखांशांचा फरक २.५३, गुणिले १०५, म्हणजे २६६. आता ८५चा वर्ग अधिक २६६चा वर्ग आणि त्या बेरजेचं वर्गमूळ : २७९. शाळेतला पायथागोरसच आहे हा. हैदराबादला याच रीतीने ४३२ येतात, अचूक अंतर ४३३.

लांबच्या शहरासाठी १०५ चालत नाही. दोन्ही अक्षांशांची सरासरी काढून तिचा कोसाइन घ्यावा आणि १११ला त्याने गुणावं. दिल्लीसाठी सरासरी सुमारे २४.२ अंश, कोसाइन ०.९१२, म्हणून रेखांशाचा अंश १०१ किलोमीटरचा. चिकलठाणा-दिल्ली असं केल्यावर सुमारे ९८३ किलोमीटर येतं, बेंगळुरू सुमारे ७८१. देशातल्या अंतरांना आणि आखातालाही ही रीत पुरते. युरोप-अमेरिकेला मात्र ती लावू नका. तिथे पृथ्वीचा गोलावा हिशेब पार बिघडवतो. ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे गोलाव्यावरून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर, देणारा कॅल्क्युलेटर वापरा.

इथे एक चूक फार होते. नकाशावर किंवा जुन्या पुस्तकात १९ अंश ५१ मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि कॅल्क्युलेटरवर १९.५१ टाकलं जातं. मिनिटांना ६०ने भागायचं असतं : ५१ भागिले ६० म्हणजे ०.८५, म्हणून १९.८५. या एका चुकीने अंतर ३८ किलोमीटर इकडे-तिकडे होतं. दुसरी चूक नॉटिकल मैलाची. विमान दाखवणाऱ्या ॲपमध्ये अंतर बऱ्याचदा नॉटिकल मैलांत असतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबईचं अंतर १५१ दिसलं तर ते चुकलेलं नाही, एकक वेगळं आहे.

गणित नको असेल तर गुगल मॅप्समध्ये एका विमानतळावर बोट दाबून धरा, 'मेझर डिस्टन्स' निवडा आणि नकाशा सरकवत खूण दुसऱ्या विमानतळावर न्या. मिळेल तो आकडा सरळ रेषेचाच. 'डायरेक्शन्स' दाबलंत तर रस्त्याचं अंतर मिळेल, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळणारे लोक थोडे नाहीत.

वेळ : भागाकार करा आणि अर्धा तास मिळवा

जेटसाठी, म्हणजे एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ किंवा एम्ब्रेअरसाठी, ढोबळ नियम असा : किलोमीटर भागिले ८००, आलेल्या तासांची मिनिटं करा, त्यात ३० मिनिटं मिळवा. टोकाला मुंबई किंवा दिल्ली असेल तर आणखी १० ते १५.

दिल्ली : ९८३ भागिले ८०० म्हणजे ७४ मिनिटं. अधिक ३०, अधिक १५. जवळपास दोन तास.
बेंगळुरू : ५९ अधिक ३०, दीड तास. तिकिटावर पाच-दहा मिनिटं जास्त दिसली तर ती कंपनीने राखून ठेवलेली असतात.
मुंबई : २१ अधिक ३० अधिक १५, म्हणजे एक तास पाच-दहा मिनिटं.

एटीआर-७२ हे पंख्याचं विमान असेल तर गणित बदलतं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणून ४८०ने भागावं आणि २५ मिनिटं मिळवावीत. हैदराबाद जेटने सुमारे एक तास पाच मिनिटं, एटीआरने एक तास वीस. कोणतं विमान आहे ते बुकिंगच्या वेळी विमान क्रमांकाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता तो अर्धा तास कुठे जातो. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसतेच. विमान फाटकावरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे फाटकाला लागलं की थांबतं. या मोजणीला ब्लॉक टाइम म्हणतात. मागे ढकलणं, इंजिन सुरू होणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं यात दहा ते वीस मिनिटं. उडाल्यावरही लगेच वेग घेता येत नाही. १०,००० फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरताना शेवटचे काही किलोमीटर तर ताशी २५०-२६०नेच कापले जातात. शिवाय वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं म्हणून कित्येकदा विमानतळ ओलांडून पलीकडून वळसा घ्यावा लागतो.

उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा कळला की छोट्या प्रवासाचं कोडं सुटतं. दर हजार फूट उंचीमागे तीन नॉटिकल मैल आधीपासून उतरायला लागायचं. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९४ किलोमीटर आधी. तेवढ्या उंचीवर चढायलाही जेटला जवळपास दोनशे किलोमीटर लागतात. दोन्ही मिळून चारशेच्या घरात जातं, आणि मुंबई आहे २७९वर. म्हणून या मार्गावर विमान पूर्ण उंची गाठतच नाही. मधल्याच उंचीवर थोडा वेळ सरळ जातं आणि उतरायला लागतं. घाट चढून लगेच उतरणाऱ्या एसटीसारखं, टॉप गिअर लागायच्या आत रस्ता संपतो. फाटकापासून फाटकापर्यंत सरासरी वेग काढला तर मुंबईला तो ताशी २४० किलोमीटर पडतो आणि दिल्लीला ४९०. अंतर साडेतीन पट, वेळ दुपटीहूनही कमी. 'इतकं अंतर तर इतका वेळ' अशी सरळ पट लावणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो.

सरळ रेषाही कागदावरची. विमान ठरलेल्या हवाईमार्गांनी जातं आणि लष्करी हद्द टाळतं. पाच ते दहा टक्के वाढीव अंतर धरलं तर बहुधा पुरतं. वरच्या नियमात ते धरलेलं आहे, पुन्हा मिळवू नका.

ऋतू आणि वारा

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. चिकलठाणा-दिल्ली उत्तर-दक्षिण असल्याने तो आडवा लागतो, वेळेत मोठा फरक पडत नाही. मुंबईचं अंतर इतकं कमी की वारा विचारातही घेऊ नये. पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासात मात्र फरक दिसतो. मुंबई ते दुबई १,९२८ किलोमीटर. जाताना वारा तोंडावर असल्याने सव्वातीन तास किंवा जास्त, येताना तीन तासांच्या आसपास. कंपनी चुकलेली नसते, दोन्ही वेळा बरोबर असतात.

वाऱ्यापेक्षा गर्दी आणि धुकं जास्त खातं. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. पावसाळ्यात विमान वर घिरट्या घालत राहिलं की वीस-तीस मिनिटं सहज जातात. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं. त्या दिवसांत दुपारचं विमान मिळत असेल तर दोनशे-पाचशे रुपये जास्त मोजून तेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एखाद्या विमानाचा खरा वेळ पाहायचा असेल तर फ्लाइटरडार२४सारख्या साइटवर विमान क्रमांक टाकून मागच्या आठवड्याच्या नोंदी पाहा. सरासरी काढण्यापेक्षा सातपैकी सगळ्यात वाईट दिवस कोणता होता ते पाहणं जास्त उपयोगी. पुढचं विमान, परीक्षा किंवा कोर्टाची तारीख गाठायची असते ती त्या दिवसाच्या हिशेबाने.

घरापासून घरापर्यंत

इथपर्यंतचा हिशेब विमानाचा. प्रवाशाचा हिशेब वेगळा, आणि मराठवाड्यात तो विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर ठरतो.

देशांतर्गत विमानाचे काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि बोर्डिंगचं दार २५ मिनिटं आधी. सामान असेल तर चिकलठाण्याला दीड तास आधी पोहोचणं पुरेसं आहे, विमानतळ लहान आहे. परतीला मुंबई-दिल्लीहून मात्र दोन तास धरा.

संभाजीनगर शहरातून मुंबई : घरून विमानतळ अर्धा तास, दीड तास आधी, विमान एक तास दहा, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, सहारहून दादरला पाऊण ते एक तास. बेरीज साडेचार तास. वंदे भारत सुमारे सहा तासांत थेट दादर-सीएसएमटीला सोडते. म्हणजे वाचतो तो दीड तास. तिकिटातला फरक पाहा आणि ठरवा.

परभणीहून हाच हिशेब आणखी घसरतो. चिकलठाण्यापर्यंत रस्त्याने साडेतीन तास, पुढचे चार तास. साडेसात-पावणेआठ तास गेले. रेल्वेने पावणेनऊच्या आसपास, तेही एका जागी बसून. जेमतेम तासाभरासाठी दोन वाहनं बदलायची आणि विमान चुकण्याचा धोका पत्करायचा, हे पटत नाही. त्यापेक्षा परभणी, हिंगोलीकरांनी आधी नांदेडची सेवा पाहावी. परभणीहून नांदेड रेल्वेने फक्त ५९ किलोमीटर आहे. एकच पथ्य : नांदेडच्या फेऱ्या वारानुसार असतात आणि मध्ये खंडही पडतो, म्हणून आपली नेमकी तारीख टाकूनच खात्री करावी.

नांदेड ते हैदराबाद सरळ २४७ किलोमीटर, विमानाचा वेळ पन्नास मिनिटं ते तास. पण शमशाबाद शहराच्या दक्षिणेला आहे आणि आपण येतो वायव्येकडून. सिकंदराबादला काम असेल तर विमान शहर ओलांडून पुढे जातं आणि आपण पस्तीसेक किलोमीटर उलटे येतो. सगळं मिळून साडेचार तास होतात. गाडीने पाच. पुढे शमशाबादहूनच दुसरं विमान असेल तरच इथे उडण्यात अर्थ आहे. उदगीर, देगलूरच्या लोकांनी बिदरचा विमानतळही पाहून ठेवावा.

दिल्ली, बेंगळुरूला मात्र वाद नाही. संभाजीनगर शहरातून दिल्ली घरापासून घरापर्यंत सव्वापाच-साडेपाच तास. रेल्वे मनमाड-भुसावळ-भोपाळ असा वळसा घेत चौदाशेच्या आसपास किलोमीटर जाते आणि जवळपास एक दिवस-रात्र खाते.

जालन्याहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की चिकलठाणा विमानतळ जालना रोडवर शहराच्या अलीकडेच लागतो. शहरात शिरायचं कारण नाही. रेल्वेने येत असाल आणि गाडी मुकुंदवाडीला थांबत असेल तर तिथेच उतरा. मुख्य स्थानकावर जाऊन ऑटोने परत उलटं येण्यात अर्धा तास जातो.

जोडविमान आणि परदेशी घड्याळ

एकाच तिकिटावर पुढचं विमान असेल तर मधला वेळ कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही, पैसेही मिळत नाहीत. शिवाय सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत. वेगळ्या तिकिटांवर देशांतर्गत जोडीला किमान तीन तास, आंतरराष्ट्रीय असेल तर पाच तास ठेवावेत. त्याहून कमी ठेवणं म्हणजे जुगार.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुबई आपल्यामागे दीड तास, जेद्दा अडीच तास. मुंबईहून १०.०० ला निघून दुबईला ११.४५ ला पोहोचतं असं लिहिलं असेल तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही : ११.४५ मध्ये दीड तास मिळवा, भारतीय १३.१५ होतात, म्हणजे सव्वातीन तास. परत येताना तोच फरक वजा करायचा. दुबईहून १३.०० ला निघून मुंबईला १७.३० : साडेचारातून दीड तास गेला, राहिले तीन. उमरा किंवा हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांसाठी गोळ्या-औषधांच्या वेळा लिहून देताना हा हिशेब भारतीय वेळेनेच लिहून द्यावा, म्हणजे वाटेत गोंधळ होत नाही.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा पालटतं : मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. फेब्रुवारीत पाहिलेली वेळ एप्रिलला लागू असेलच असं नाही, आणि विमान एटीआरवरून जेटवर गेलं की प्रवासाची मिनिटंही बदलतात. या दोन रविवारांच्या पलीकडची तारीख असेल तर निघण्याच्या आठवड्यात विमान क्रमांक टाकून वेळ पुन्हा पाहावी. एजंटकडून तिकीट काढताना मोबाइल नंबर स्वतःचाच घालायला लावा. वेळ बदलल्याचा संदेश तिकिटावर असलेल्या नंबरवरच जातो.